पांढऱ्या वाडग्यातली बाजरी

माझ्या पिठाच्या गिरणीत वजनकाट्याशेजारी एक पांढरा चिनी मातीचा वाडगा असतो. कुणी बाजरीचा डबा आणला की त्यातली मूठभर बाजरी मी त्या वाडग्यात टाकते, वर पाणी ओतते आणि पाच मिनिटं पाण्याकडे बघत बसते. पाणी मातकट झालं तर माझी काही हरकत नसते, मातीचा रंग मला ओळखता येतो. मी दुसरा एक रंग शोधत असते. नवीन गिऱ्हाईक हसतात. "मावशी, भविष्य बघताय काय?" असंही एकाने विचारलं होतं. जुने लोक काही विचारत नाहीत. त्यांना सगळं माहीत आहे, निदान त्यांना तसं वाटतं.

या दिवाळी अंकाच्या मंडळींनी मला सांगितलं की सध्या ज्वारी-बाजरीचे दिवस आलेत, सगळे 'मिलेट मिलेट' करतात, तर तुम्ही मुंबईत, घोडपदेवात इतकी वर्षं गिरणी चालवताय, त्यातल्या गमतीजमती लिहा. गमती पुष्कळ आहेत. पण आज साठी उलटल्यावरसुद्धा बाजरी म्हटली की मला आधी भीती आठवते. तेव्हा गमती सांगेन, पण भीतीही सांगणार. आवडलं नाही तर पान उलटा.

आधी आमचं काम समजून घ्या. गिरणी म्हणजे दोन दगड. एक जागेवर बसलेला, दुसरा फिरणारा. वरच्या भांड्यात धान्य ओतायचं, चाक फिरवून दोन दगडांतलं अंतर कमीजास्त करायचं, आणि खालच्या तोंडाला बांधलेल्या कापडी बाहीतून पीठ डब्यात पडतं. एवढं कळलं की गिरणी चालवता येते, असं माझ्या नवऱ्याला वाटायचं. म्हणून त्याच्या काळात लोकांच्या पोळ्या वातड होत असत. तो गेला आणि मी बसायला लागले, तेव्हा मला कळलं की खरं काम दगडांचं नाही, क्रमाचं आहे.

कारण दगड कधीच पुरते रिकामे होत नाहीत. मागच्याचं ओंजळभर पीठ आत राहतं आणि ते पुढच्याच्या डब्यात जातं. गव्हामागून गहू असेल तर कुणाला कळत नाही. पण गव्हामागून बाजरी घेतली की बाजरीवाल्याच्या डब्यात वरती पांढरा थर दिसतो आणि मग भांडणं होतात. म्हणून डबे कधीही येवोत, मी दळते धान्याच्या क्रमाने. सकाळी गहू, मग ज्वारी, मग बाजरी, सगळ्यात शेवटी नाचणी. ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगून ठेवते आहे, ती लक्षात असू द्या.

दुसरी गोष्ट दाण्याची. प्रत्येक डब्यातला एक दाणा मी चावून बघायचे. दाणा दातांखाली कसा फुटतो यावरून धान्य ओलसर आहे का, किडलं आहे का, किती जुनं आहे, सगळं समजतं. याचा मला फार गर्व होता. "शालनमावशीची जीभ म्हणजे तपासणी कचेरी आहे," असं लोक म्हणत आणि मला ते आवडायचं.

आमच्याकडे बाजरीचं गिऱ्हाईक पूर्वी ठरलेलं होतं. साताऱ्याकडचे, नगरकडचे लोक, ज्यांच्या गावाकडून वर्षाचं पोतं येतं. कोकणातल्या माणसांना बाजरी म्हणजे शिक्षा वाटते. पण आता समोर टॉवर झाले. तिथल्या मिसेस सबनीस एकदा गाडीतून उतरल्या आणि नाकाला रुमाल लावून म्हणाल्या, "तुमच्या दगडांना गहू लागतो का?"

"लागतो की. गिरणी आहे ही."

"मला गव्हाचा कणसुद्धा चालत नाही. डॉक्टरांनी फक्त मिलेट सांगितलंय."

बाकावर कांबळे मास्तर बसले होते. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले, तोंडाने तिखट. ते म्हणाले, "बाई, तुम्हाला डॉक्टरनं सांगावं लागलं. आम्हाला लहानपणी दुष्काळानं सांगितलं होतं." मिसेस सबनीसना राग आला असावा, पण पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या. तेव्हापासून करार झाला: बाजरी लागली की त्यांचा डबा तिसरा. ज्वारीनंतरही गव्हाचा कण उरला असेल तर तो पहिल्या दोघांच्या बाजरीत निघून जातो. दुसरा नंबर मास्तरांचा. त्यांना साखरेचा आजार आहे आणि ते फक्त बाजरीची भाकरी खातात. पहिला नंबर जो कुणी लवकर येईल त्याचा.

आता डब्यांबद्दल. मला माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, डबे राहतात. कुणाचा बिस्किटाचा चौकोनी डबा, कुणाचा रंगाचा बादलीवजा डबा, एकाच्या झाकणाला पोचा आहे आणि तो मी घातला असं त्याचं म्हणणं आहे. माणूस समोर आला की मला आधी त्याचा डबा आठवतो. त्यातला एक स्टीलचा डबा होता, दहा-बारा दिवसांनी न चुकता यायचा. कधी एक पन्नाशीचा माणूस आणायचा, कधी त्याची बायको. डब्यावर यंत्राने टिंबाटिंबांचं नाव घातलेलं होतं: 'कै. द्रौपदाबाई यांच्या स्मरणार्थ'. आपल्याकडे वर्षश्राद्धाला गेलेल्या माणसाच्या नावाची भांडी वाटतात ना, तसला. त्यामुळे त्या माणसाचं नाव माझ्या मनात द्रौपदाबाई. एकदा मी त्याला तोंडावर "काय हो द्रौपदाबाई, झालंय तुमचं दळण" म्हटलं, आणि त्या भल्या माणसाने ओ दिली. त्याचं खरं नाव काय, तो राहतो कुठे, मला कधी विचारावंसं वाटलं नाही. डबा माहीत होता, तेवढं पुरे होतं.

तीन वर्षांपूर्वी दसरा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. सकाळी वीज गेली ती तासाभराने आली. तोवर डब्यांची रांग पायरीखाली उतरली होती आणि लोकांची डोकी तापली होती. गहू आटोपले, ज्वारी आटोपली. बाजरीत पहिला डबा आला तो द्रौपदाबाईंचा. माणूस ऑफिसच्या कपड्यांत, घड्याळाकडे बघत उभा होता.

"मावशी, जरा बारीक दळा हां. बाळंतिणीसाठी आहे. लेक आलीय घरी."

"काय झालं?"

"मुलगी. आज अकरावा दिवस. आईनं गावावरून मुद्दाम बाजरी पाठवलीय तिच्यासाठी."

आमच्याकडे बाळंतिणीला बाजरीची भाकरी देतात. अंगात ऊब राहते, दूध येतं. मी "छान झालं" म्हणून हात डब्यात घातला, दाणा तोंडात टाकला आणि चावला.

दाणा कडू होता.

बाजरी कडू लागणं यात नवल नाही. तिच्यात तेल असतं, जुनी झाली की कडवट होते. पीठ तर आठवड्याभरात कडू होतं, म्हणून शहाणा माणूस थोडं थोडं दळून नेतो. मी दाणा थुंकला आणि विचारलं, "बाजरी जुनी आहे का हो?"

"नाही नाही. आईनं स्वतः निवडून, धुऊन, वाळवून पाठवलीय."

धुऊन? बाजरी कुणी धुतं का? पाखडतात, निवडतात, ऊन दाखवतात. मी स्वतः माण तालुक्यातली. आमच्या घरी बाजरीशिवाय दुसरं धान्य सणालाच दिसायचं, आणि दळणाची बाजरी धुतलेली मी जन्मात पाहिली नव्हती. हा विचार माझ्या मनात आला. नीट, शब्दांत आला. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "ओ मावशी, गप्पा नंतर मारा, आम्हाला पण कामावर जायचंय!" आणि मी डबा भांड्यात उलटा केला.

त्याच्यामागून मास्तरांचा डबा दळला. त्याच्यामागून मिसेस सबनीसांचा. मग नाचणी. अकराच्या सुमारास रांग संपली, तेव्हा मी रोजच्यासारखी, सोडून बाजूला ठेवलेली बाजरीची कापडी बाही घेतली आणि बादलीत बुडवली. प्रत्येक धान्याची बाही मी वेगळी ठेवते आणि दळण संपलं की धुते.

पाणी गुलाबी झालं.

फार नाही. बोटाला लागलेलं कुंकू पाण्यात बुडवल्यावर होईल तेवढंच. पण मी तिथेच खाली बसले. कारण तो रंग मी ओळखत होते. आमच्याकडे पेरणीला तिफण चालायची, आई चाड्यावर मूठ धरायची. चाडं म्हणजे तिफणीवरचं लाकडी भांडं, त्यातून बी नळ्यांत उतरतं. बाजारातून आणलेल्या पिशवीतलं बी गुलाबी असायचं, कीड-बुरशी लागू नये म्हणून औषध चोळलेलं. दुपारी आईचे तळवे गुलाबी झालेले असत. ती ते राखेने घासायची, दोनदा घासायची, आणि तरीही त्या दिवशी आम्हाला स्वतःच्या हाताने भरवायची नाही. एकदा बांधावर थोडं बी सांडलं होतं. आमच्या तीन कोंबड्या संध्याकाळपर्यंत माना टाकून पडल्या. आईने त्या खड्ड्यात पुरल्या आणि खड्ड्यावर काटे टाकले, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून.

ते सगळं एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढे आलं. मग कडू दाणा आठवला. मग 'धुऊन'. आणि मग अकरा दिवसांची मुलगी.

मास्तर नेमके तेव्हाच डबा न्यायला आले. मी त्यांचा हात धरला. "मास्तर, पीठ नेऊ नका. त्यात विष आहे."

मास्तर हुशार माणूस. त्यांनी आधी बादली बघितली, मग मला बघितलं. "कुणाच्या डब्यातून आलं?"

"द्रौपदाबाईंच्या."

"त्या वारल्या."

"ते मलाही माहीत आहे हो, डब्यावर 'कै.' आहे! डबा आणतो तो माणूस कोण? त्याच्याकडे बाळंतीण आहे!" मी ओरडले बहुतेक, कारण समोरचा इस्त्रीवाला बाहेर आला.

मास्तरांनी डोळे मिटले, थोडा विचार केला. "द्रौपदाबाईंचा मुलगा चार नंबर चाळीत, दुसऱ्या मजल्यावर राहतो. पण तुमच्याकडे येतो तो तो नव्हे. तरी तिथे विचारा, तिथेच कळेल. पळा. गिरणी मी बघतो." मी निघता निघता मिसेस सबनीसना फोन लावला. त्यांचा नंबर तेवढा माझ्याकडे होता, कारण त्यांनीच तो तीनदा दिला होता. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी पीठ फ्रिजमध्ये ठेवते, रोटी शनिवारी करते. आज मंगळवार." त्यांचं पीठ, त्यांचा फ्रिज, त्यांचा शनिवार, सगळ्याला मी मनातल्या मनात हात जोडले.

चार नंबर चाळीचा जिना मी कठडा धरून चढले. बाळंतिणीचं जेवण लवकर होतं. साडेअकराला पान वाढतात. सव्वाअकरा झाले होते. दार द्रौपदाबाईंच्या सुनेने उघडलं. मी धापा टाकत तिला विचारलं, "तुमच्या सासूबाईंच्या नावाचा डबा कुणाकडे आहे?"

"कुठला डबा? वर्षश्राद्धाला आम्ही बावन्न डबे वाटले."

बावन्न घरं. नातेवाईक, शेजारी, गाववाले, घोडपदेवापासून लालबागपर्यंत. जो डबा मला इतका ओळखीचा, तसे आणखी एक्कावन्न होते. एकतीस वर्षं मी लोकांच्या पिठात हात घातला होता आणि त्यांची दारं मला माहीत नव्हती.

मग मी विचारलं, "त्या बावन्नांत आत्ता बाळंतीण कुणाकडे आहे? अकरा दिवसांची मुलगी?"

बायकांना हा प्रश्न विचारला की उत्तर मिळतं. तिने बोटांवर मोजलं. "लालबागला आमच्या नणंदेच्या जावेकडे... नाही, तिला मुलगा झाला. मग विलासभाऊजींकडे असेल. त्यांची प्रियांका आलीय ना बाळंतपणाला. मागची गल्ली, गणपतीच्या मंडपाशेजारी, तळमजला. का हो? काय झालं?"

ती फोन लावत होती आणि मी जिना उतरत होते. विलासच्या घरातला फोन वाजत राहिला असणार, कारण बाळ झोपलं की फोनचा आवाज बंद करतात.

मी गेले तेव्हा दार उघडं होतं. आत शेपू आणि ओव्याचा वास होता. पलंगावर वीस-बावीस वर्षांची मुलगी डोक्याला रुमाल बांधून बसली होती, मांडीवर पदराखाली बाळ, समोर ताटलीत दुधात कुस्करलेली भाकरी. तिची आई गॅसपाशी दुसरी भाकरी थापत होती आणि म्हणत होती, "कडू लागते तर औषध समजून खा गं. आजीनं एवढ्या मायेनं पाठवलीय."

मी ताटली ओढून घेतली. ओढून घेतली म्हणजे अक्षरशः हिसकावली, दूध चादरीवर सांडलं. आई उलथनं उगारून आली. "कोण तुम्ही? काय करताय?"

"मी गिरणीवाली. किती खाल्लंस? बाळा, किती खाल्लंस तू?"

"अर्धी भाकरी," प्रियांका म्हणाली. "का?"

"आधी बाळाला बाजूला घे. दूध पाजू नकोस."

त्या मुलीच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी विसरू शकलेले नाही. तिने बाळाला छातीपासून दूर केलं, आणि बाळ उपाशी असल्यासारखं किंचाळायला लागलं. ती बाळाला हवेत धरून बसली, जणू त्याला आपल्याच अंगाला लावायची तिला भीती वाटत होती. तशी तिला वाटतच होती.

टॅक्सीत आम्ही तिघी आणि बाळ. विलास ऑफिसमधून थेट परळच्या मोठ्या इस्पितळात येणार होता. प्रियांका म्हणाली, "मावशी, मला मळमळतंय." मळमळ विषाची की भीतीची, मला कसं कळणार? मलाही मळमळत होतं, आणि मी तर एकच दाणा चावला होता. बाळ रडून रडून गप्प झालं, तेव्हा प्रियांकाच्या आईने त्याच्या नाकाशी बोट धरलं. पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. त्या पुलावर मी देवाला काय काय कबूल केलं, ते लिहीत नाही. त्यातलं निम्मंसुद्धा मी फेडलेलं नाही.

डॉक्टर तरुण पोरगी होती. तिने सगळं ऐकून एकच विचारलं, "बियाण्याची पिशवी कुठे आहे? औषध कोणतं ते कळायला हवं." विलासने गावी फोन लावला; त्यांचं गावही माझ्याच माण तालुक्यातलं. आईने आधी कबूलच केलं नाही, मग रडत रडत सांगितलं. त्या वर्षी माणमध्ये पाऊस उशिरा झाला. बाजरीच्या पेऱ्याचा काळ टळला, वावरात मटकी टाकली आणि बियाण्याच्या तीन पिशव्या तशाच उरल्या. त्या माळ्यावर होत्या. नातीला मुलगी झाल्याचं कळलं, घरात खायची बाजरी थोडीच होती. म्हातारीने ते बी काढलं, चार पाण्यांनी धुतलं, रंग जाईपर्यंत चोळलं, तीन दिवस उन्हात वाळवलं आणि घरच्या बाजरीत मिसळून पोतडी बांधली. टाकून द्यायचं तर कसं? दाणा तो दाणाच. ज्या मातीत एकेका कणसासाठी राखण करतात, तिथल्या बाईला धान्य फेकता येत नाही. मला ते पटकन समजलं. माझी आईही कदाचित असंच करती.

गावातल्या कुणीतरी पिशवीचा फोटो पाठवला. डॉक्टरीणबाईंनी वाचला. प्रियांकाला दोन दिवस ठेवून घेतलं, सलाइन लावलं, दूध काढून टाकायला सांगितलं. बाळाला वेगळं दूध सुरू केलं आणि दर तासाला कुणीतरी येऊन त्याचे डोळे, श्वास बघायचं. पहिल्या रात्री प्रियांका दोनदा ओकली, मग हळूहळू शांत झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोघी ठीक आहेत. थोडं पोटात गेलं होतं. चार पाण्यांनी धुतलं म्हणून कमी गेलं असावं. आणि वेळेवर आणलंत." माझा जीव भांड्यात पडला. मी इस्पितळाच्या पायरीवर बसून मोठमोठ्याने रडले. चहावाल्याला वाटलं, माझं कुणी गेलं.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती, आणि लोकांच्या लेखी ती इथेच संपते. घोडपदेवात मी एकदम थोर झाले. मंडळाने शाल-श्रीफळ दिलं. मास्तरांनी भाषण केलं. "एका कापडाच्या रंगावरून ज्यांनी दोन जीव वाचवले..." मी शाल घेऊन खाली मान घालून उभी होते. लोकांना वाटलं, विनय आहे.

पण पहिल्या दिवशी, त्या इस्पितळाच्या लांब व्हरांड्यात, विलास फोनवर आपल्या आईला ओरडत होता. "विष धाडलंस तू! तुझ्या हातानं धाडलंस! आता परत घरातल्या एका दाण्याला हात लावायचा नाहीस, सांगून ठेवतो!" मी त्याच्यापासून दोन हातांवर उभी होते. मला म्हणता आलं असतं, "थांब विलास. सकाळी दाणा मी चावला होता. तो कडू लागला. बाजरी धुतलीय हे तू सांगितलंस आणि ते मला खटकलं. मी माणची आहे, मला कळायला हवं होतं, आणि मागून कुणीतरी ओरडलं म्हणून मी डबा दळला." मी काहीच बोलले नाही. मला माझ्या गिरणीची भीती वाटली. माझ्या जिभेच्या नावाची भीती वाटली.

बारसं उशिरा झालं, बाळाला सव्वा महिना झाल्यावर. गावाहून विलासची आई आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती विचारत विचारत गिरणीत आली. नऊवारी, कपाळावर गोंदण, हातावर उन्हाचे डाग. रांग होती. ती रांगेच्या बाजूने पुढे आली आणि माझ्यासमोर हात पसरून उभी राहिली, काही मागितल्यासारखी.

"तुमी गिरनीवाल्या बाई न्हवं? माज्या नातीला तुमी वाचीवलं."

"असू दे आजी. बसा."

"चार पान्यानं धुतली वो मी. पानी पांढरं येस्तवर धुतली. मला काय ठावं, रंग जातो आन् विख ऱ्हातं म्हून. आता गावची सून मला धान निवडू देत न्हाई. सूप हातात घेतलं की काढून घेती. समदी म्हनत्यात, म्हातारीच्या हाताला विख लागलंय."

मी एवढंच म्हटलं, "असू दे आजी. झालं गेलं." रांगेतले लोक बघत होते. मोटार चालू होती. माझ्याकडून आणखी काही येईल म्हणून ती वाट बघत असावी; मग भिंतीला धरून पायऱ्या उतरून गेली. चार पाण्यांनी धुतल्यामुळेच कदाचित नात वाचली, डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलेलं तेवढंसुद्धा मी तिला सांगितलं नाही.

तेव्हापासून तो पांढरा वाडगा काट्याशेजारी आहे. आणि दाणे चावणं मी सोडलं. लोक म्हणतात, मावशींनी वाडगा ठेवलाय म्हणजे जिभेला आराम. खरं म्हणजे त्या दिवसानंतर कुठलाही दाणा चावला की मला तो कडूच लागतो.

विलासचा डबा अजून येतो, पण त्यात आता बाजारातला गहू असतो. प्रियांका मध्ये भेटली. तिची लेक बालवाडीत जाते आणि माझ्या बाकावर बसून माझ्या काट्याची वजनं पाडते. मी विचारलं, "आजी काय म्हणते?" प्रियांका म्हणाली, "आहे. अंगणात बसून असते. कुणी काही काम देत नाही तिला."

प्रियांका, दिवाळीला तू गावी जाणार आहेस, आणि हा अंक तू बरोबर नेशील असं तू मला सांगितलं आहेस. आजीला वाचता येत नाही. तेव्हा तिला अंगणातून घरात आणून बसव. तुझ्या बाबांना, काकूंना, सगळ्यांना बसव, आणि हे तिला मोठ्याने वाचून दाखव: आजी, पहिला दाणा मी चावला होता. तो कडू होता, हे मला कळलं होतं. तुम्हाला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. तरी दळलं मी.

आणि मग तिच्या हातात सूप दे. यंदा तुमच्याकडे बाजरी बरी आली आहे, असं विलास सांगत होता. तिने निवडलेली पाच किलो येताना घेऊन ये. मी ती वाडग्यात भिजवून बघेन, त्यातला एक दाणा चावेन आणि मग दळेन. त्या पिठाची पहिली भाकरी माझ्या घरी होईल, आणि ती मी खाईन.